डोकं दुखतंय म्हटलं की पाळीची तारीखही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोन गोळ्यांची मागणी एकदम वाढते, एक पाळी पुढे ढकलायची आणि दुसरी डोकेदुखीची, आणि गौरी-गणपती जवळ आले की कित्येकदा दोन्ही गोळ्या एकाच बिलावर एकीलाच हव्या असतात. मी फार्मासिस्ट आहे, सिंहगड रोडला बरीच वर्षं काउंटरला उभी आहे, आणि शाळेत असल्यापासून मला स्वतःला अर्धशिशी आहे. मध्यंतरी तुमच्या आरोग्य पुरवणीत डोकेदुखीवर पानभर मजकूर आला होता. मोबाइल, झोप, पाणी कमी पिणं, ताण, चष्म्याचा नंबर, सगळं होतं आणि सगळं बरोबरच होतं, पण पाळीचा उल्लेख एका ओळीतसुद्धा नव्हता. वाचणाऱ्यांत निम्म्या बायका असताना हे सुटून कसं चालेल? म्हणून लिहितेय. पत्र जरा लांबलंय, पण शक्यतो कापू नका.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन लहानपणी मुलांना आणि मुलींना साधारण सारख्याच प्रमाणात असते. मुलगी वयात आली की चित्र बदलतं, आणि मोठेपणी पुरुषांच्या जवळपास तिप्पट बायकांना हा त्रास असतो. आता या तिपटीचं कारण बायका जास्त कटकट करतात किंवा नाजूक असतात हे नाही, त्यातला मोठा वाटा हार्मोन्सचा आहे, मुख्यतः इस्ट्रोजेनचा. पाळी यायच्या आधीच्या दिवसांत शरीरातलं इस्ट्रोजेन झपाट्याने खाली येतं, आणि ज्या बाईचा मेंदू मुळातच मायग्रेनचा आहे तिला हे खाली येणं सोसत नाही. नुसतं इस्ट्रोजेन कमी असणं हा प्रश्न नसतो, ते एकदम पडणं हा असतो. लिफ्ट झपकन खाली आली की पोटात कसं होतं, पण तळमजल्यावर उभं राहिलं की काहीच होत नाही, तसंच हे. म्हणूनच पाळी कायमची गेल्यावर, इस्ट्रोजेन खालीच स्थिर झालं की, पुष्कळ जणींचा त्रास कमी होतो.

हे कोणी नुसतं अंदाजाने सांगितलेलं नाहीये. सोमरव्हिल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पाळीच्या सुमारास अर्धशिशी उठणाऱ्या मोजक्याच बायकांवर प्रयोग केले होते. पाळीच्या आधी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं तर पाळी वेळेवर आली पण डोकं काही दिवस उशिरा दुखलं, आणि प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पाळीचं चक्र चालवणारं दुसरं हार्मोन, दिलं तर पाळी लांबली पण बहुतेकींचं डोकं ठरल्या वेळेलाच दुखलं. हा दुसरा भाग नीट लक्षात ठेवा, कारण पुढे गौरी-गणपतीच्या गोळ्यांबद्दल लिहिणार आहे तिथे तो लागणार आहे.

दुसरं कारण प्रोस्टाग्लँडिन. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून ही रसायनं सुटतात, त्यांनीच पोटात कळा येतात, आणि ती रक्तात मिसळून डोकेदुखीलाही हातभार लावतात. म्हणून ज्यांचं पोट पाळीत फार दुखतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं डोकंही त्याच दिवशी उठतं, आणि म्हणूनच नॅप्रोक्सेन किंवा मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी काही जणींना पोट आणि डोकं दोन्हीला लागू पडते.

पाळीची डोकेदुखी ओळखायची कशी, तर डॉक्टर लोकांची व्याख्या सोपी आहे. पाळी सुरू व्हायच्या आधीचे २ दिवस आणि सुरू झाल्यापासूनचे पहिले ३ दिवस, या दिवसांत डोकं दुखतं आणि ३ पैकी निदान २ पाळ्यांमध्ये असं होतं, तर ती पाळीशी जोडलेली अर्धशिशी. आणि हा अॅटॅक एरवीच्यापेक्षा जास्त वेळ चालतो, जास्त जोराचा असतो, गोळीला लवकर दाद देत नाही, आणि थांबला असं वाटलं तरी दुसऱ्या दिवशी परत उलटतो. त्यामुळे एरवी जी गोळी चालते ती याच दिवसांत चालत नाही, मग बाई दुसरी घेते, तिसरी घेते, आणि घरचे म्हणतात तुला गोळ्यांची सवयच लागलीये.

काउंटरवर जे दिसतं ते सांगते. संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळेला एखादे गृहस्थ स्कूटर चालूच ठेवून येतात, मिसेसचं डोकं दुखतंय काहीतरी स्ट्राँग द्या. मी विचारते, कुठल्या बाजूला दुखतंय, उलट्या होतायत का, उजेड सहन होतोय का. ते म्हणतात हो हो, अंधार करून पडलीये, कुकरची शिट्टी पण नको म्हणते. मग मी विचारते, पाळीचे दिवस आहेत का? की लगेच मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात, आवाज खाली जातो, आणि ते मला काय माहीत म्हणतात. फोन लावा ना, विचारा म्हटलं की नको नको, तुम्ही द्या काहीतरी. मी फोन लावायलाच लावते. आणि पलीकडून ती बाई सांगते, हो, उद्या-परवा येईल, दर महिन्याला असंच होतं. म्हणजे तिला माहीत असतं! पण तिला आजवर कोणी विचारलेलं नसतं, आणि आपणहून सांगावं तर काय, सगळ्याच बायकांना होतं असं उत्तर आईकडून, सासूकडून आणि कधीकधी डॉक्टरकडूनसुद्धा मिळालेलं असतं.

आपल्याकडे डोकेदुखीचं खापर आधी पित्तावर फुटतं. उलटी झाली, बरं वाटलं, म्हणजे पित्तच. मग मोरावळा, आमसुलाचं सार, कपाळाला सुंठेचा लेप. माझी आई हे सगळं मायेने करायची आणि लेपाने गार वाटायचंही, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण मायग्रेनमध्ये मळमळ आणि उलटी हे त्या आजाराचंच लक्षण आहे, पोट बिघडलं म्हणून डोकं दुखतंय असं दर वेळी नसतं. पित्ताचं नाव दिलं की पुढचा विचारच थांबतो. पित्ताच्या खालोखाल सायनस. नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं, म्हणून सायनसच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका मी बघितल्यात, आणि मायग्रेनमध्येही नाक चोंदू शकतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

हा आजार किरकोळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन आकडे. कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेल्या मोठ्या माणसांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं होतं. आणि जगभरच्या आजारांचा जो मोठा अभ्यास होतो त्यावर २०२० मध्ये छापून आलं, की माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांत मायग्रेन दुसऱ्या नंबरवर आहे, आणि तरुण बायकांमध्ये तर पहिल्या. म्हणजे शिकायचं, नोकरी करायचं, मुलं वाढवायचं जे वय, नेमकं त्याच वयात. हिंजवडीला जाणाऱ्या कितीतरी मुली बस पकडायच्या आधी आमच्याकडे थांबतात, एक स्ट्रिप घेतात, पाण्याची बाटली घेतात, तिथल्या तिथे गोळी गिळतात आणि ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास बसायला निघून जातात. बॉसला काय सांगणार, डोकं दुखतंय एवढ्यावर सुट्टी मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. पाळी पुढे ढकलायची गोळी.

बहुतेक वेळा ही नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं हार्मोन, ५ मिलिग्रॅमची, नेहमीचा डोस दिवसातून ३ वेळा, पाळीच्या तारखेच्या ३ दिवस आधीपासून, आणि बंद केल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. पण प्रत्यक्षात काय होतं, सासूबाई सुनेसाठी घेऊन जातात, जाऊ जावेसाठी घेऊन जाते, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव फिरतं, आणि मैत्रिणीला चालली म्हणून मलाही द्या. आमच्याकडे मी चिठ्ठी मागते, तर लोक सरळ पुढच्या चौकातल्या दुकानात जातात. हा व्यवहार सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच त्यावर बोलत नाही.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. सोवळ्याचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं, घरात गौरी बसतात, माहेरवाशिणी येतात, बाईला त्या दिवशी स्वयंपाकघरात आणि देवापुढे वावरायचं असतं, तिची ती इच्छा मला कळते. पण जिला अर्धशिशी आहे तिला कोणीतरी सांगायला पाहिजे ना की पाळी पुढे गेली म्हणजे डोकंही पुढे जाईल असं नाही, वर सोमरव्हिलचं सांगितलं तेच. आणि गोळी थांबवली की २-३ दिवसांत पाळी येते तेव्हाही डोकं उठू शकतं. म्हणजे गौरी विसर्जन झालं, पाहुणे गेले, गोळ्या थांबल्या, आणि बाई दोन दिवस अंधारात पडून. दमली म्हणतात सगळे. दमलेली असतेच ती, पण तेवढंच नसतं.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे नॉरएथिस्टेरॉन मोठ्या डोसमध्ये घेतलं की त्यातला थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑल होतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीत जे इस्ट्रोजेन असतं तेच. म्हणून ज्यांना आधी पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झालीये त्यांना ही गोळी देत नाहीत, आणि गोळी चालू असताना पहिल्यांदाच अर्धशिशी उठली किंवा कधी नव्हे इतकं जोरात डोकं दुखायला लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचं असतं. आता आपला सण बघा. गणपतीच्या आदल्या दिवशी हरतालिका, पुष्कळ बायका पाणीसुद्धा पीत नाहीत. उपाशी राहिलं की मायग्रेन उठतं हे जिला आहे तिला चांगलं माहीत असतं. आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे मेंदूच्या शिरेत गुठळी व्हायच्या कारणांपैकी एक आहे. हार्मोनची गोळी, निर्जळी उपास, रात्रीचं जागरण, एकावर एक. बहुतेकींना काही होत नाही, देवाची कृपा. पण जिला होऊ शकतं ती कोण, हे चार प्रश्न विचारले तर आधी कळू शकतं, आणि ते चार प्रश्न कोणी विचारत नाही ही माझी तक्रार आहे.

ढोल पथकातल्या मुलींबद्दल पण लिहायचंय. गणपतीच्या आधी नदीपात्रात संध्याकाळी सराव सुरू होतात, तिथल्या मुली आमच्याकडे येतात, बँडेज, पाण्याची बाटली, आणि हळूच एकीने दुसरीला पुढे ढकलून मागितलेली ती गोळी. मिरवणुकीच्या दिवशी पाळी नको म्हणून. विसर्जन मिरवणूक अलीकडे २४ तासांच्या वर जाते, कमरेला ढोल बांधून तासन्‌तास उभं राहायचं, त्यांना सोय हवी असते हे बरोबरच आहे. मी एकच विचारते, कधी डोळ्यापुढे चमकतं का गं? एक मुलगी म्हणाली हो, वाकड्यातिकड्या रेघा दिसतात, अर्धा शब्द वाचता येत नाही, मग वीस-पंचवीस मिनिटांनी डोकं सुरू होतं. घरी काय सांगितलंय विचारलं तर म्हणे चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, नंबर निघाला नाही.

याला ऑरा म्हणतात. चमकणाऱ्या नागमोडी रेघा, दिसण्यात एक भाग गायब होणं, कधी हाताला किंवा ओठाला मुंग्या, कधी शब्द न आठवणं, ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं आणि जातं. मायग्रेनवाल्यांपैकी साधारण चौघांत एकाला होतो. आणि ज्या बाईला ऑरा होतो तिने इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी घ्यायचीच नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात अशा बाईसाठी ही गोळी सरळ बंद सांगितलीये, कारण मेंदूचा रक्तपुरवठा अडकून स्ट्रोक व्हायचा धोका वाढतो. तरुण वयात हा धोका मुळात फार कमी असतो, घाबरवायचं नाहीये मला, पण ऑरा आणि इस्ट्रोजेन एकत्र आले, वर सिगारेट किंवा बीपी असेल, तर तो पटींनी वाढतो. अशा बायकांना दुसरे मार्ग आहेत, तांबी आहे, नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गटातल्या गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. पण ऑरा होतो का हे विचारल्याशिवाय कसं कळणार? बाई आपणहून सांगत नाही, तिला वाटतं अशक्तपणा आहे, भोवळ आहे.

माला-डी ही इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बायकांची एक वेगळी गोष्ट. त्या पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि ७ तपकिरी लोहाच्या असतात. बऱ्याच जणी येऊन सांगतात की तपकिरी गोळी सोसत नाही, सुरू केली की डोकं दुखतं, म्हणून मी ती टाकून देते. लोहाची गोळी बिचारी काही करत नाही, त्या ७ दिवसांत पांढरी गोळी बंद असते म्हणून इस्ट्रोजेन पडतं आणि डोकं उठतं. ती टाकून डोकं थांबत नाहीच, वर लोह मात्र बुडतं. हे एवढं सांगितलं तरी बायकांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसतं, कारण आपल्याला होतंय ते खरं आहे आणि त्याला कारण आहे एवढंच त्यांना ऐकायचं असतं.

गरोदरपणात, चौथ्या महिन्यापासून पुढे इस्ट्रोजेन वरच्या वर टिकून राहतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त जणींची अर्धशिशी कमी होते, काहींची पूर्ण थांबते. बाळंतपण झालं की इस्ट्रोजेन एकदम कोसळतं आणि ती परत येते. आपल्याकडे बाळंतिणीचं डोकं दुखलं की वारा लागला म्हणतात, कानाला फडकं घट्ट बांधतात, आणि काही घरांत अजूनही बाळंतिणीला पाणी बेताने देतात. आजी-मावश्यांना हात जोडून सांगते, पाणी देऊ द्या. आणि नुसती अर्धशिशी परत आली असं समजून घरी बसू नका. २० आठवड्यांनंतरच्या गरोदर बाईचं किंवा बाळंत होऊन ६ आठवडे न झालेल्या बाईचं डोकं नव्याने जोरात दुखायला लागलं, डोळ्यापुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, झटका आला, एक बाजू लुळी वाटली, तर ते बीपीचं असू शकतं किंवा मेंदूच्या शिरेतली गुठळी असू शकते. तेव्हा बाम चोळत रात्र काढायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटलला जायचं.

चाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागते, इस्ट्रोजेन कधी खूप वर कधी खूप खाली, आणि जिचं डोकं महिन्यातून एकदा दुखायचं तिचं आता कधीही दुखतं. या वयातल्या बायका आमच्या सगळ्यात नियमित गिऱ्हाईक, आणि यांनाच सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारा सल्ला म्हणजे पिशवी काढून टाका, सगळंच थांबेल. गाठी, रक्तस्राव, कॅन्सरची शंका, अशी कारणं असतील तर ऑपरेशन करावंच लागतं, तो निर्णय डॉक्टरांचा. पण डोकं थांबावं म्हणून पिशवी काढू नका. डोकेदुखी पिशवीमुळे होत नाही, आणि पिशवीबरोबर बीजांडकोश पण काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात खाली येतं, त्याने अर्धशिशी उलट वाढू शकते. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, सरकारला समिती नेमावी लागली. शहरात शिकल्या-सवरल्या बायकांनाही हा सल्ला तितक्याच सहज मिळतो. या वयात हार्मोन घ्यायची वेळच आली तर तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच मायग्रेनवाल्या बाईला जास्त बरा, कारण रक्तातली पातळी सारखी राहते. गायनॅककडे गेलात तर आपणहून सांगा की मला अर्धशिशी आहे.

पुरुषांना आणि बाकीच्या हार्मोन्सना मी मुद्दाम बाजूला ठेवलंय, पण दोन ओळी. थायरॉइड कमी असलं तरी डोकं दुखू शकतं, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. आणि डोकेदुखीबरोबर पाळी बंद झाली, मूल अंगावर नसताना छातीतून दूध येतंय, नजर कडेने कमी होतेय, असं असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची तपासणी लागते, ते अंगावर काढू नका.

गोळ्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा कॅफिन घातलेली मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. पाळीचे ५-६ दिवस, मग मध्ये एक-दोन उपास, एक लग्न, एक उन्हातली खरेदी, की १० दिवस कधी झाले कळत नाही. आम्हा मेडिकलवाल्यांना मात्र कळतं. स्ट्रिप कोण किती वेळा नेतंय हे आमच्याइतकं नीट डॉक्टरलाही दिसत नाही, म्हणून आमच्या व्यवसायातल्या लोकांनी गप्प बसू नये असं मला मनापासून वाटतं. सुट्टे पैसे देताना एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो.

उपाय नाहीत असंही नाही. पाळी नियमित असेल तर डॉक्टर त्या ५-६ दिवसांपुरतीच, डोकं दुखायच्या आधीपासून, नॅप्रोक्सेनसारखी गोळी सुरू करून देतात. ट्रिप्टान गटातल्या गोळ्या खास मायग्रेनच्याच आहेत, आणि त्या डोकं सुरू झाल्या झाल्या घ्यायच्या असतात, बघू थांबतंय का म्हणत चार तास काढून नाही. मात्र हृदयविकार किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून त्याही चिठ्ठीवरच. सीजीआरपी नावाच्या पदार्थाला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून अमेरिकेत मिळायला लागली, आणि या शोधासाठी चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये मेंदूविज्ञानातलं मोठं ब्रेन प्राइझ मिळालं. ही इंजेक्शनं महाग आहेत, सगळ्यांना परवडत नाहीत, पण मायग्रेन हा मनाचा खेळ नसून मेंदूचा आजार आहे हे तरी त्यातून घरच्यांना पटावं.

सगळ्यात स्वस्त उपाय भिंतीवर आहे. आपल्या घरात कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, गॅस कधी लागला ते लिहितात, आणि घरातली बाई कोपऱ्यात बारीक ठिपका देते, तो कशाचा हे घरात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. त्याच चौकोनात डोकं दुखलं त्या दिवशी फुली मारा, गोळी घेतली तर गोल करा, उलटी झाली तर उ लिहा. ३ महिने. मग ती पानं फाडून किंवा मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरकडे न्या. ससूनच्या ओपीडीत असो नाहीतर कर्वे रोडच्या क्लिनिकमध्ये, डॉक्टरकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं असतात, आणि ठिपक्याशेजारी फुल्या दिसल्या की त्या पाच मिनिटांत निदान होऊ शकतं. माझं निदान असंच झालं होतं, एका फॅमिली डॉक्टरबाईंनी कॅलेंडर मागितलं म्हणून, तोपर्यंत दोन चष्मे आणि सायनसचे एक्स-रे होऊन गेले होते.

आता तुमच्याकडे विनंती. गौरी-गणपतीची पुरवणी तुम्ही दर वर्षी काढता, मोदकाचे प्रकार असतात, पूजेची तयारी, रांगोळ्या, दर्शनाचे रस्ते कुठे बंद ते असतं. त्यात एक चौकट पाळी पुढे ढकलायच्या गोळीवर द्या, एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या, पण द्या. त्यात एवढं असावं की ही गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि चिठ्ठी देणाऱ्याने आधी विचारावं, अर्धशिशी आहे का, डोळ्यापुढे चमकतं का, तुम्हाला किंवा घरात कोणाला तरुण वयात गुठळी किंवा स्ट्रोक झालाय का, नुकतंच बाळंतपण झालंय का. गोळी चालू असताना कधी नव्हे असं डोकं दुखलं, दिसायला कमी झालं, बोलताना शब्द अडखळले, हातापायातली शक्ती गेली, छातीत दुखलं, श्वास लागला किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर गोळी थांबवून लगेच हॉस्पिटल. आणि गोळी चालू असताना निर्जळी उपास करू नका, पाणी प्या.

ही पुरवणी तुम्ही बहुधा गणपतीच्या आदल्या दिवशी देता. गोळी पाळीच्या तारखेच्या ३ दिवस आधी सुरू होते आणि बायका त्याच्याही आधी विकत आणून ठेवतात, तेव्हा ही चौकट निदान दहा-बारा दिवस आधी यायला हवी. छापलीत तर मी तिची कात्रणं काउंटरवर ठेवेन, गोळी मागायला येणारीच्या हातात देईन, आणि आमच्या भागातल्या बाकीच्या मेडिकलमध्येही स्वतः नेऊन देईन.

आपली नियमित वाचक,
एक फार्मासिस्ट,
सिंहगड रोड, पुणे